जोडीतलं एक इंजिन

वेसाव्याच्या खाडीत ओहोटी लागली की होड्या एकेक करून चिखलात टेकतात. तासाभरापूर्वी पाण्यावर सरळ उभी असलेली होडी एका कुशीवर कलते, तिचा पंखा आणि सुकाण उघडं पडतं आणि गुडघाभर चिखल तुडवत मिस्त्री तिच्याकडे निघतो. पाणी परत चढायच्या आत खालचं काम उरकायला हवं. उरलं तर पुढच्या ओहोटीला. अंधेरी पश्चिमेच्या या टोकाला होडी ओढून घ्यायला चांगला उतार नाही, उचलायला यारी नाही, छताखालची दुरुस्तीची जागा नाही. तरी इथे आणि समोर मढला, भाटीला, पुढे मनोरी-गोराईला वर्षानुवर्षं इंजिनं बदलली जात आहेत. नीट बदलली जात आहेत. ही विद्या उपनगरातल्या बहुतेकांच्या नजरेला पडत नाही, म्हणून एका होडीच्या निमित्ताने ती सविस्तर लिहायची आहे.

ही होडी मासेमारीची नव्हे. फायबरची, सुमारे ३२ फुटांची, पोटात दोन डिझेल इंजिनं शेजारी शेजारी. पूर्वी ती बंदरात उभ्या जहाजांवर माणसं पोचवायची. मढच्या एका नाखव्याने ती जुनी विकत घेतली. मढ बेटावर चित्रीकरण कायम चालू असतं, त्या मंडळींना होडी लागते. गळ टाकायला येणारे हौशी लोकही सुट्टीच्या दिवशी मागतात. घेतल्यावर दुसऱ्याच हंगामात, खाडीच्या तोंडाशी, तिचं डावं इंजिन जाम झालं.

कारण शोधायला फार खणावं लागलं नाही. समुद्राचं पाणी ज्या जाळीतून इंजिनाकडे येतं त्या जाळीवर प्लॅस्टिकची पिशवी चिकटली होती. मालाडच्या खाडीत ओशिवरा नदी येते, नाले येतात, आणि अर्ध्या उपनगराचा कचरा त्यांच्याबरोबर येतो. होडीतल्या डिझेल इंजिनाला मोटारीसारखा वाऱ्यावर थंड होणारा रेडिएटर नसतो. आतलं गोडं पाणी इंजिनात फिरतं आणि बाहेरून ओढलेलं खारं पाणी त्याला थंड करतं. खारं पाणी थांबलं की काही मिनिटांत काटा चढतो. हेडचं गॅस्केट जातं, पाणी तेलात उतरतं आणि दुधाळ झालेलं तेल बेअरिंगला वाचवू शकत नाही. तापमान वाढलं की वाजायचा बझर होता, पण त्याची वायर आधीच कुणीतरी काढून ठेवलेली होती. हा प्रकार जुन्या होड्यांत फार दिसतो. बझर उगाच वाजतो म्हणून वायर काढतात, आणि ज्या दिवशी तो उगाच वाजणार नसतो त्या दिवशी तो गप्प असतो.

दुसरं इंजिन चालू होतं, म्हणून होडी धक्क्याला आली. दोन इंजिनं असण्याचा हाच तर फायदा. पण एका इंजिनावर चालणारी होडी म्हणजे निम्म्या वेगाची होडी, असा जो समज आहे तो दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे. पाणी कापत सावकाश जाणाऱ्या जड होडीला वेगाच्या घनाच्या प्रमाणात ताकद लागते. त्यामुळे निम्मी ताकद गेली तरी साधारण ८० टक्के वेग शिल्लक राहतो. उलट, नाळ उचलून पाण्याच्या पाठीवर धावणारी हलकी होडी एका इंजिनावर उठूच शकत नाही. २२ नॉटवर धावणारी होडी ७-८ नॉटवर येते, आणि त्यासाठीही चालतं इंजिन जिवाच्या आकांताने ओढत असतं, कारण त्याचा पंखा जोडीच्या हिशेबाने बसवलेला असतो. त्यात बंद इंजिनाचा पंखा पाण्याच्या ओढीने फिरत राहतो. काही गिअरबॉक्समध्ये तेलाचा पंप इंजिनाच्या बाजूने फिरतो. इंजिन बंद तर तेल बंद, आणि शाफ्ट मात्र फिरतोय. अशा वेळी जाणता तांडेल बंद बाजूचा शाफ्ट दोराने आवळून बांधतो. या होडीवर तो बांधला होता, म्हणून डावा गिअरबॉक्स वाचला, आणि पुढे त्याच गिअरबॉक्सने सगळं काम सोपं केलं.

नाखव्यापुढे चार वाटा होत्या. तेच इंजिन उघडून बांधायचं. त्याच मॉडेलचं जुनं शोधायचं. एकच नवं घ्यायचं. नाहीतर दोन्ही काढून नवी जोडी. नव्या जोडीची किंमत होडीच्या खरेदीपेक्षा जास्त होत होती. तेच इंजिन बांधायचा विचार साकीनाक्याच्या एका गाळ्यात संपला. तिथल्या लेथवाल्याने हेड तपासलं, तर दोन झडपांच्या मधोमध चीर. क्रँकही ओढली गेली होती. एकच नवं घेणं वरवर शहाणपणाचं वाटतं, पण आजचं इंजिन जुन्यापेक्षा हलकं, जास्त फेऱ्यांचं, वायरींनी भरलेलं. ताज्या खोंडाशेजारी म्हातारा बैल जुंपला तर जू एका बाजूला ओढलं जातं. होडीचंही तसंच होतं. एका बाजूने वजन कमी, वेग वाढवायची ढब वेगळी, आणि तांडेलाला सुकाण सतत एका अंगाला धरून ठेवावं लागतं.

इथे मिस्त्रीने जे केलं त्याचं मला फार मोल वाटतं. गेलेलं इंजिन बाजूला ठेवून त्याने आधी चालणारं उघडलं. दोन्ही इंजिनांनी तेवढेच तास काम केलेलं, तेच डिझेल प्यायलेलं, त्याच खाडीचं पाणी ओढलेलं. उजवंही महिन्याभरात जाणार असेल तर डाव्यासाठी इंजिन शोधत फिरण्यात अर्थ नव्हता. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. आकडे एकमेकांपासून १० टक्क्यांच्या आत असले तर इंजिन सुदृढ मानायचं. ते होते. तेल स्वच्छ होतं. धूर सुरुवातीला पांढरट, मग गरम झाल्यावर जवळपास दिसेनासा. निळा धूर असता तर तेल जळतंय, काळा असता तर ओझं जास्त आहे किंवा हवा कमी पडतेय. उजवं राहणार हे ठरलं, आणि मगच त्याच्या जोडीदाराचा शोध सुरू झाला. होडी घेताना नाखव्याने ही तपासणी करून घेतली नव्हती. जुनी होडी घेणारे रंग बघतात, आसनं बघतात, चक्कर मारून बघतात. इंजिन थंड असताना पहिल्यांदा चालू होताना बघणं आणि तेलाची कांडी बाहेर काढून बोटावर तेल घासून बघणं, एवढ्यानेही पुष्कळ कळतं.

या किनाऱ्याला इंजिनाची ओळख तशी जुनी नाही. शिडाच्या होड्यांना इंजिनं बसायला लागली ती मुख्यतः १९५० च्या दशकात, सरकारी कर्ज आणि मदतीच्या जोरावर. केरळात १९५२ मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रं यांचा करार होऊन कोल्लमजवळ नीन्दकरा इथे होड्यांच्या यांत्रिकीकरणाचा प्रकल्प उभा राहिला. मुंबईच्या किनाऱ्यावर गोष्ट वेगळी घडली. इथल्या कोळ्यांच्या होड्या मुळातच मोठ्या, खोल आणि खुल्या समुद्राच्या. त्यामुळे नवी होडी आणण्याऐवजी जुन्या होडीचाच मागचा भाग कापून पंख्याला जागा केली गेली. इंजिनंही महाराष्ट्रातच बनत होती. किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना १९४६ पासून खडकीला होता. शेतात विहिरीवर धडधडणारं इंजिन आणि वेसाव्याच्या होडीत धडधडणारं इंजिन ही एका घराण्यातली होती. विहिरीवरचं इंजिन बांधणारा हात होडीतलंही बांधू शकत होता. मोठ्या ट्रॉलरना पुढे मालमोटारींच्या घराण्यातली सहा सिलिंडरची इंजिनं आली, समुद्रासाठी बदल करून.

१९६१ मध्ये वेसाव्यातच केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था सुरू झाली. राज्य सरकारच्या मत्स्यव्यवसाय विभागाचं प्रशिक्षण केंद्रही वेसाव्यालाच आहे. तिथे मच्छीमार तरुणांना सहा महिन्यांत नौकानयनाबरोबर सागरी डिझेल इंजिनाची देखभाल शिकवतात. म्हणजे पुस्तकातली विद्या गल्लीच्या टोकाशी आहे आणि हातातली विद्या गल्लीत. मधली जागा तेवढी रिकामी आहे: जिथे होडी उचलून कोरड्यावर ठेवता येईल, जिथे विद्यार्थी आणि मिस्त्री एकाच इंजिनावर वाकलेले दिसतील.

इंजिनाचा शोध दारुखान्यात सुरू झाला. रे रोडच्या त्या पट्ट्यात जहाजं तोडण्याचा आणि जहाजातला माल विकण्याचा धंदा जुना. पंखे, शाफ्ट, झडपा, दोरखंड, कंपास, सगळं ढिगाने. आणखी माल येतो तो गुजरातमधल्या अलंगहून. तिथे तोडलेल्या जहाजांवरच्या जीवनौकांची इंजिनं वेगळी काढून विकली जातात, आणि त्यांची एक गंमत मिस्त्री लोकांना पक्की ठाऊक असते. जीवनौकेचं इंजिन आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे दर आठवड्याला किमान तीन मिनिटं चालवून पाहायचं असतं. बाकी वेळ ते झाकलेलंच. त्यामुळे २५ वर्षांचं जहाज तुटलं तरी त्याच्या जीवनौकेच्या इंजिनाचे चाललेले तास फारच थोडे भरतात. आतला धातू जवळपास नवा. पण रबर वयाने मरतं, कामाने नव्हे. सील, होज, पंपाचा रबरी इंपेलर हे सगळं न बदलता असं इंजिन चालू केलं तर तासाभरात पाणी किंवा तेल गळू लागतं. लहान एक-इंजिनी होडीला ते उत्तम. या होडीला मात्र ते अपुरं पडलं असतं.

अखेर त्याच मॉडेलचं इंजिन मिळालं, दुसऱ्या एका मोडीत निघालेल्या लाँचमधलं, गिअरबॉक्ससकट. नाखवा खूश. मिस्त्रीने मात्र पैसे द्यायच्या आधी गिअरबॉक्सवरची पितळी पट्टी वायर-ब्रशने घासली आणि त्यावरचा आकडा वाचला. १.५. मढच्या होडीतल्या गिअरबॉक्सवर २ होता.

हा आकडा सांगतो, इंजिनाच्या किती फेऱ्यांना पंख्याची एक फेरी. इंजिन २,८०० फेऱ्यांवर असताना २ च्या गिअरबॉक्सवर पंखा मिनिटाला १,४०० वेळा फिरतो, आणि १.५ च्या गिअरबॉक्सवर सुमारे १,८६७ वेळा. तोच पंखा एवढ्या वेगाने फिरवायची ताकद त्या इंजिनात नसते. ते २,८०० ला पोचणारच नाही, खालीच गुदमरेल, काळा धूर ओकेल आणि काही महिन्यांत पिस्टन खाईल. बाहेरून सगळं सारखं दिसतं: तोच रंग, तेच बोल्ट, तोच आकार. दोन इंजिनांच्या होडीत यात आणखी एक भर. दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरले तर होडी कायम एका बाजूला ओढली जाते. म्हणून मागून पाहिलं असता उजवा पंखा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आणि डावा उलट दिशेने फिरवतात. इंजिनं दोन्ही सारखीच, दिशा बदलायचं काम गिअरबॉक्सकडे. काही गिअरबॉक्स दोन्ही दिशांना पूर्ण ताकदीने चालतात, काही फक्त एका. चुकीच्या दिशेला सतत चालवलेला गिअरबॉक्स हळूहळू घसरायला लागतो आणि एके दिवशी भर प्रवाहात ताकद सोडून देतो. तेव्हा मिळालेला गिअरबॉक्स बाजूला ठेवला गेला आणि दोराने बांधून वाचवलेला जुना डावा गिअरबॉक्सच नव्या आलेल्या इंजिनाला जोडायचं ठरलं. मधली स्प्रिंगांची डँपर प्लेट तेवढी नवी घेतली. बोल्ट आणि बेअरिंग नागदेवी स्ट्रीटवरून आले.

काम पावसाळ्यात झालं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात आणि मिस्त्री लोकांचा खरा हंगाम तेव्हाच. प्लॅस्टिकच्या कागदाखाली, पावसाच्या आवाजात, एकेका होडीच्या पोटात दिवा लावून काम चाललेलं असतं. या होडीचं जाम झालेलं इंजिन काढायला वासे रोवून तिकाटणं उभं केलं, वर चेनकप्पी अडकवली. डेकमधलं झाकणाचं तोंड इंजिनापेक्षा चार बोटं अरुंद निघालं. होडी बांधताना इंजिन आधी बसवतात आणि वरून डेक झाकतात. ते कधी बाहेर काढावं लागेल याचा विचार फार थोडे बांधणारे करतात. मिस्त्रीने फायबर कापण्याआधी इंजिनाचेच हातपाय काढले: मॅनिफोल्ड, अल्टरनेटर, पाण्याचा पंप, माउंट. उरलेला ठोकळा तिरका करून तसूतसूने बाहेर आला.

खाली इंजिनाची बैठक उघडी पडली. लाकडावर फायबर चढवलेली, वर्षानुवर्षं तेल आणि खारं पाणी मुरलेली. हातोडीच्या टोकाने ठोकत जाताना एका ठिकाणी आवाज बदलला; तिथलं लाकूड कुजलं होतं. ती बैठक नव्याने बांधली गेली. इंजिन बदलण्याच्या कामात हा भाग कुणी कौतुकाने सांगत नाही, पण शेकडो किलोंचं थरथरणारं ओझं तीच वाहते. त्याच वेळी थंड पाण्याची जाळी मोठी केली, ती डोळ्यांना दिसेल आणि हाताने उघडता येईल अशा जागी आणली, आणि दोन्ही इंजिनांच्या बझरच्या वायरी जोडल्या.

मग आली जुळणी. गिअरबॉक्सची चकती आणि शाफ्टची चकती समोरासमोर येतात आणि बोल्टांनी आवळली जातात. बोल्ट घालण्याआधी दोन्ही चकत्या एकमेकींना सगळीकडून सारख्या टेकायला हव्यात. मिस्त्री पोटावर आडवा झाला, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात फिलर गेज, म्हणजे कागदाहून पातळ पोलादी पात्यांचा जुडगा. चकत्यांच्या फटीत एक पातं वरून सरकवलं, मग खालून, मग डावीकडून, उजवीकडून. वरून जे पातं सहज जात होतं ते खालून अडत होतं. म्हणजे इंजिनाचं मागचं टोक किंचित खाली. माउंटचा नट पाव फेरा फिरवला. परत चारी बाजू. १२५ मिलिमीटर व्यासाच्या चकतीला चारी बाजूंच्या फटीत साधारण ०.१२ मिलिमीटरच्या वर फरक चालत नाही. जास्त राहिला तर शाफ्ट प्रत्येक फेरीला वाकतो, बेअरिंग खातो, आणि सगळी होडी दात खात धावते. हाताखालचा पोरगा वरून विचारत होता, "मामा, झालं का?" मामांचं उत्तर ठरलेलं: "बोल्ट घालू नको. पाण्यात गेल्याशिवाय नाही."

हे वाक्य सगळ्या कामाचं मर्म आहे. होडी जमिनीवर टेकलेली असताना तिचं अंग एका आकारात असतं आणि पाण्यात तरंगताना दुसऱ्या. फरक केसाएवढा, पण जुळणीही केसाएवढीच. म्हणून जुळणीची शेवटची तपासणी तरंगत्या होडीत करतात, तीही पाण्यात उतरवून एक दिवस जाऊ दिल्यावर. वेसाव्याच्या खाडीत याला एक अडचण आहे. इथे होडी दिवसातून दोनदा चिखलात टेकते. तेव्हा ही तपासणी भरती पूर्ण असेल त्या दीड-दोन तासांतच होऊ शकते. खाडीतला गाळ वर्षागणिक वाढतोय, आणि त्याबरोबर तरंगण्याचे तासही कमी होत चालले आहेत. गाळ काढण्याची मागणी मच्छीमार करतात ती मासळी उतरवण्यासाठी. इंजिन नीट बसवण्याशीही तिचा संबंध आहे, हे मला इथे उभं राहून कळलं. उधाणाच्या दिवशी, मोठ्या भरतीला, बोल्ट आवळले गेले.

आता चाचणी. या लेखात मला एकच गोष्ट आग्रहाने म्हणायची असेल तर ती चाचणीबद्दल आहे.

१८ डिसेंबर २०२४ ला दुपारी चारच्या सुमारास गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी लाँचवर नौदलाची वेगवान नौका आदळली. १५ माणसं गेली. नौदलाने दिलेल्या माहितीनुसार ती नौका इंजिनाच्या चाचणीवर होती आणि इंजिनातल्या बिघाडामुळे तिच्यावरचं नियंत्रण सुटलं. तिच्यावर सहा जण होते: दोन नौदलाचे, चार इंजिन बनवणाऱ्या कंपनीचे. त्यांतलेही काही जण मृतांमध्ये होते. 'नीलकमल'ला ८४ प्रवासी आणि ६ कर्मचारी नेण्याची परवानगी होती. त्या दिवशी शंभराहून अधिक माणसं वर होती. या घटनेनंतर लाइफ जॅकेटची सक्ती झाली, क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी घेण्यावर चर्चा झाली. दोन्ही आवश्यकच. पण चाचणी प्रवासी मार्गाजवळ का, हा प्रश्न मागे पडला. नवं बसवलेलं किंवा दुरुस्त केलेलं इंजिन पहिल्यांदा पूर्ण ताकदीने चालवलं जातं ती घटका होडीच्या आयुष्यातली सर्वांत अनिश्चित घटका असते. थ्रॉटल अडकू शकतो, गिअर लागेनासा किंवा सुटेनासा होऊ शकतो, सुकाणाचा होज फुटू शकतो. हे सगळं व्हायचं असेल तर तेव्हाच होतं. जिच्याकडे शिस्त, साधनं आणि कंपनीची माणसं होती त्या नौकेवर हे घडू शकतं, तर खाडीतल्या होडीवर घडणार नाही असं कुणी म्हणू नये.

वेसावे-मढच्या पाण्याकडे बघा. रस्त्याने २० किलोमीटरच्या वर फेरा पडेल एवढं अंतर इथली फेरी काही मिनिटांत कापते. त्यात शाळेची मुलं, मासळीच्या पाट्या, दुचाकी. पलीकडे मार्वे-मनोरी आणि बोरिवली-गोराई याही अशाच वाटा. ट्रॉलर येतात-जातात, लहान होड्या जाळी लावून असतात. या गर्दीत चाचणीसाठी ठरवून दिलेली जागा हवी, वेळ हवी, आणि ती सगळ्या फेरीवाल्यांना आणि मच्छीमार सोसायट्यांना आदल्या दिवशी कळायला हवी. महाराष्ट्र सागरी मंडळ १९९६ पासून आहे. अंतर्देशीय नौकांचा १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा नवा आला. नोंदणी, सर्वेक्षण, क्षमता, सगळ्याला तरतुदी आहेत. पाण्याचा एक चौकोन आखून चाचणी इथेच आणि अमुक वेळेतच, एवढं ठरवायला मोठा खर्च लागत नाही.

मढच्या या होडीची चाचणी मिस्त्रीने स्वतःच्या शिस्तीने घेतली. पाऊस ओसरल्यावर, सकाळी, फेरीच्या वाटेपासून लांब, किनाऱ्यापासून आत खुल्या पाण्यात. बरोबर दुसरी होडी. सगळ्यांच्या अंगावर जॅकेट. आधी धक्क्याला बांधलेल्या अवस्थेत दोन्ही गिअर पुढे-मागे, इंजिन बंद करायच्या दोऱ्या ओढून खरोखर बंद होतं का ते, सुकाण या टोकापासून त्या टोकापर्यंत. होडीत २०० लिटरचे चार पिंप पाण्याने भरून ठेवले होते, म्हणजे १०-१२ माणसांचं वजन. रिकाम्या होडीवर घेतलेली चाचणी फसवी असते. मग एकेक इंजिन वेगळं, अर्ध्या ताकदीवर. मग दोन्ही. मध्येच थांबून इंजिनाजवळ हात, नाक, कान: बेअरिंग तापलंय का, डिझेलचा वास येतोय का, थंड पाणी एक्झॉस्टमधून धारेने पडतंय का. आणि शेवटी पूर्ण ताकद.

उजवं इंजिन २,७५० ला गेलं. डावं २,६०० ला अडलं.

इथे पंखा दोषी धरून तो कापायला देणारे बरेच असतात. पंख्याची पिच इंचभर कमी केली की फेऱ्या साधारण १५०-२०० ने वाढतात, आणि फरक नेमका तेवढाच होता. मोह होण्यासारखी परिस्थिती. मिस्त्रीने आधी हातात धरायच्या टॅकोमीटरने पुलीवर फेऱ्या मोजल्या. आकडा खरा निघाला, म्हणजे डॅशबोर्डचा काटा खोटं बोलत नव्हता. मग पोराला थ्रॉटल पूर्ण पुढे धरायला सांगून तो खाली उतरला आणि फ्युएल पंपावरची दांडी बोटाने ढकलून पाहिली. ती आणखी थोडी पुढे गेली. केबल कमी पडत होती, बस. दोन नट सैल करून केबलचं टोक पुढे सरकवलं. दुसऱ्या धावेत डावं २,७४० ला पोचलं आणि धूर दोन्ही बाजूंना सारखाच विरळ होता. पंखा न कापता वाचला.

नाखव्याला मग कागदांच्या मागे लागावं लागलं. इंजिनाचा क्रमांक बदलला की नोंदणीत तो बदलून घ्यावा लागतो, नाहीतर अपघातानंतर विमा हात वर करतो. मासेमारीच्या होड्यांना तर अश्वशक्तीच्या आकड्यावर डिझेल परताव्याचंही गणित अवलंबून असतं. परताव्यासाठी पूर्वी असलेल्या १२० अश्वशक्तीच्या अटीवरून किनाऱ्यावर बरीच भांडणं झाली. त्यामुळे इंजिन बदललं तरी कागदावर जुनंच ठेवायचा प्रकार कुठेकुठे चालतो. त्याने सर्वेक्षण करणाऱ्यालाही कळत नाही की आपण काय तपासतोय.

पहिल्या ५० तासांनी तेल आणि फिल्टर बदलले. माउंटचे बोल्ट परत आवळले, भरतीला चकत्यांची फट परत मोजली. नवी बैठक थोडी दबली होती, एका नटाला पाव फेरा लागला. नाखवा आता वही ठेवतो: तारीख, तास, डिझेल, आणि दोन्ही इंजिनांचं तापमान वेगवेगळ्या रकान्यांत. त्या वहीत उजव्या इंजिनाचा काटा गेल्या काही फेऱ्यांत डाव्यापेक्षा थोडा वर राहू लागला आहे. मिस्त्रीचं म्हणणं, खाऱ्या पाण्याच्या पंपाचा इंपेलर खाडीतल्या रेतीने घासला असणार. येत्या भांगाला, पाणी कमी चढेल तेव्हा, तो उघडून बघणार आहेत.